जांभळा बगळा कोणी पाहिलाय का?

उज्वलाचा राग चढला की तिची भाषा एसटीत बसते. सुरुवात नाशिकरोडला होते, अगदी शुद्ध: "अहो, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं." निफाड येईपर्यंत त्याचं "काय सांगून राहिले मी तुम्हाला" झालेलं असतं, आणि माहेरचं गाव हिवरथडी जवळ आलं की "आरं ए, कानात बोळे कोंबलेत का रं?" म्हणत ती स्टँडवर उतरते. ती पोस्टात काउंटरवर बसते. तिच्या मागच्या टेबलावरच्या लोकांना हा सगळा मार्ग पाठ आहे. आवाज वर जायला लागला की कोणीतरी मान खाली घालूनच म्हणतं, "निफाड गेलं."

"मॅडम, इथं डिंक नाहीये."

"आहे."

"कुठंय? दिसत नाही."

"तुमच्या कोपराखाली. बाहीला लागलाय, तिथनं घ्या."

राग यायला तिला कारण शोधावं लागत नाही. रांग मोडणारे, फोनवर बोलत बोलत काचेवर टकटक करणारे, फुटपाथवर गाडी चढवणारे, 'बाई असून किती बोलते' म्हणणारे, सगळ्यांचा तिला राग येतो आणि तो ती ज्याचा त्याला जागच्या जागी देऊन टाकते. घरी काही नेत नाही. घरी वेगळा ताजा राग असतो.

रविवारी नवरा झोपतो. मुलगी वेदिका पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून उज्वला स्कूटर काढून हिवरथडीला आईकडे जायला लागली. तिथे भाऊ होता. नवनाथ धाकटा, गावचा उपसरपंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि घरातल्या घरातसुद्धा माइकवर असल्यासारखा बोलणारा. "आई, चहाच्या संदर्भात काय परिस्थिती हाय?" असं तो खरोखर विचारतो.

एका रविवारी त्या दोघांचं काहीतरी बिनसलं. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. उज्वला ताटावरून उठून तरातरा निघाली ती थेट फुगवट्याच्या बांधावर. हिवरथडीच्या खाली गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी तुंबून पसरतं, त्याला गावात फुगवटा म्हणतात. त्याच्या एका अंगाला पुरुषभर उंचीचं पाणकणीस माजलेलं आहे, इतकं दाट की आत म्हैस शिरली तर नुसता आवाज येतो, म्हैस दिसत नाही. बांधावर उभी राहून उज्वला नवनाथला मनातल्या मनात ऐकवत होती. ऐकवता ऐकवता तिला पाणकणसात साप दिसला.

साप उभा होता. विटकरी अंग, त्यावर काळ्या लांब रेघा, आणि वर बारीक डोकं. हलत नव्हता. उज्वलाही हलली नाही. मग त्या सापाला चोच फुटली, खालून पाठ आली, पंख आले, आणि एक भलंमोठं पाखरू पाणकणसातून वर उठलं. उडताना त्याने मान दुमडली तेव्हा गळ्याखाली पिशवी लोंबल्यासारखा फुगा आला. मागे पाय लोंबत होते, आणि त्या पायांची बोटं एवढी लांब की उडत्या पाखराला कोणी खराटा बांधलाय असं वाटावं.

नवनाथला जे ऐकवायचं होतं ते ती साफ विसरली. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

पुढच्या रविवारी ती पक्ष्यांचं पुस्तक आणि दुर्बीण घेऊन आली, आणि पहिल्याच दिवशी तिचं पुस्तकाशी भांडण झालं. आधी तिने त्याला राखी बगळा ठरवलं. मग खरा राखी बगळा दिसला. तो उघड्या पाण्यात उभा होता, बस चुकल्यासारखा, कोणी बघतंय की नाही याची फिकीर नसलेला, मान पांढुरकी. तिचं पाखरू तसं नव्हतंच. ते पाणकणसाबाहेर क्वचित यायचं, आलं तरी कडेला अंग चोरून उभं राहायचं, आणि मान वाऱ्यावर पात्याबरोबर डुलवायचं. विटकरी मान, त्यावर काळी रेघ, अंग बारीक, पायाची बोटं लांब. पान उलटलं, आणि सापडलं: जांभळा बगळा.

"जांभळा?" ती पुस्तकाला मोठ्यांदा म्हणाली. "कुठं आहे जांभळा?"

पाठ दगडी पाटीसारखी. मान विटेसारखी. पोट काळसर. ऊन एका बाजूने पडलं आणि आपण पापण्या अर्ध्या मिटल्या तर खांद्यापाशी कुठेतरी वांग्याची झाक येते, तेवढंच. ज्याने हे नाव ठेवलं त्याने आयुष्यात जांभूळ खाल्लेलं नसणार, असं तिचं ठाम मत झालं. पण नाव ते नाव. त्या दिवसापासून ती जांभळा बगळाच म्हणायला लागली, आणि कोणी नुसतं 'बगळा' म्हटलं की दुरुस्त करायला लागली. आईला, मालनबाईला, ती उत्साहाने सांगायची, "आई, आज जांभळा बगळा दिसला!" मालनबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "बरं. जेवून घे."

श्रावण सरत आला तसं तिच्या लक्षात आलं की पाखरू एकाच जागी उतरतंय. पाण्यावरून येतं, पाणकणसावर क्षणभर थांबतं, खाली उतरतं, आणि थोड्या वेळाने तिथूनच उठतं. मग दुसरं येतं, तेही तिथेच. एकदा वारा पडलेला असताना तिला आतून आवाज ऐकू आला, कोणी घाईघाईने चमचा डब्यावर वाजवावा तसा. मोठं पाखरू उतरलं की आवाज वाढायचा, उठून गेलं की थांबायचा. पिल्लं होती. दिसत नव्हती, पण होती. त्या दुपारी ती नवनाथशीसुद्धा नीट बोलली, आणि मालनबाईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

तर नेमकं त्याच पाणकणसावर नवनाथचा डोळा होता.

"फुगवट्याचं सुशोभीकरण!" त्याने ओसरीवरून जाहीर केलं. "गणपतीच्या आधी. पाणकणीस साफ, विसर्जनाला घाट, मग पुढं बोटिंग, आणि बांधावर मोठ्ठ्या अक्षरात 'आय लव्ह हिवरथडी'. रातच्याला लाइट लागंल अक्षरांना. सोमवारी पोकलेन येतोय."

उज्वला एका दमात निफाड ओलांडून गेली. "आरं, पिल्लं हायेत त्यात! जांभळ्या बगळ्याची पिल्लं!"

"तायडे, बगळे काय, म्हशीवर पण बसत्यात. जातील बाभळीवर."

"हा बाभळीवर नाय बसत घरटं करून! हा तो बगळा नाय!"

"मंग कोणता?"

"जांभळा!"

"आसंल," नवनाथ म्हणाला, आणि फोनवर कोणाला तरी पोकलेनच्या संदर्भातली परिस्थिती विचारायला लागला.

तिने तक्रार केली. पोस्टात बसणाऱ्या बाईला तक्रार कुठे पोचते आणि कुठे अडकते ते चांगलं कळतं, त्यामुळे ती पोचली. शनिवारी ग्रामसभेला तालुक्याहून एक साहेब आले. माणूस बरा होता, ऐकून घ्यायला आला होता. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. साहेबांनी माइक हातात घेऊन दोनदा फुंकर मारली.

"ग्रामस्थहो. आमच्याकडे असं आलेलं आहे, की सदर ठिकाणी जांभळा बगळा या पक्ष्याची वीण होते. तर मला मोकळेपणाने सांगा. जांभळा बगळा कोणी पाहिलाय का?"

सभेने एकमेकांकडे पाहिलं.

"जांभळा?"

"बगळा तं पांढरा ऱ्हातो, साहेब."

"पोळ्याला रंगिवला आसंल कोणी," पुंजाराम म्हणाला. पुंजाराम हा गावातला असा माणूस, की तो बोलला की आधी हसून घ्यायचं आणि मग काय बोलला ते शेजारच्याला विचारायचं. सभा हसली.

उज्वला उठली. "काय हसताय? रोज दिसतो तुम्हाला! रोज!"

"आम्ही काय रोज पितो का, तायडे?" पुंजाराम म्हणाला.

तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. मोबाइल हातोहात फिरला. लांबून काढलेला, वाऱ्यात हललेला फोटो.

"ही काठी हाय."

"काठी नाय रं, माझ्या मोटारीचा पाइप हाय तो. मी म्हंतो गेला कुठं!"

"डोळे फुटले का तुमचे?" उज्वला ओरडली. "एवढी मोठी मान दिसत नाय? खोटारडे हायेत सगळे, साहेब! नवनाथनं पढवलंय यांना!"

हे मात्र खरं नव्हतं. नवनाथने कोणाला काही पढवलं नव्हतं. सिंधुबाईचं अख्खं आयुष्य फुगवट्याच्या कडेला गवत कापण्यात गेलेलं. तिला साहेबांनी वेगळं बोलावून विचारलं, तर तिने देवाशप्पथ सांगितलं की जांभळ्या रंगाचं पाखरू तिने उभ्या जन्मात पाहिलं नाही. खरं तेच ती बोलली. साहेबांनी हात पसरले. "मॅडम, गावच नाही म्हणतंय. मी काय लिहू?"

ठराव झाला. उज्वला आईकडे न जेवता झोपली, आणि सोमवारची रजा फोनवर टाकताना तिने पोस्टमास्तरांनाही चार शब्द सुनावले, त्यांचा काही संबंध नसताना.

सोमवारी सकाळी अख्खं हिवरथडी बांधावर होतं. यंत्र खोदताना बघायला मिळत असेल तर आपल्याकडे माणूस चुलीवरचं दूध सोडून येतो. म्हातारे खाली बसलेले, बाया पदर सावरून उभ्या, नवनाथ कडक शर्टात सगळ्यांच्या पुढे. पोकलेन चालवणारा राजू नांदगावकडचा होता. त्याने पानाची पिंक टाकली, लिव्हर ओढली, आणि बकेटने पाणकणसाचा पहिला घास घेतला. मुळांसकट. काळं पाणी गळालं, आणि गर्दीतून 'आ हा हा' असा आवाज आला, जसा जिलेबीचा पहिला घाणा निघाल्यावर येतो.

उज्वला दुर्बीण लावून उभी होती, दात आवळून. मोठं पाखरू पाण्यावरून आलं. रोजच्या जागी उतरायला गेलं, यंत्र बघून उतरलं नाही. पाणकणसाच्या शेंड्यावर कसंबसं थांबलं, मान लांबच्या लांब उंचावली, चोच उघडली, आणि खोकलं.

ख्र्यांक!

म्हाताऱ्याने पहाटे अंगणात घसा साफ करावा तसं. दुर्बिणीत तिने चोच उघडताना बघितली आणि त्याच क्षणी कानावर आवाज पडला. हा आवाज तिने आधी ऐकला नव्हता असं कसं म्हणावं? जन्मापासून ऐकला होता. घरच्या दाराची कुरकुर जशी कानाला कळत नाही, तसा तो इतके रविवार तिच्या शेजारून निघून जात होता. हिवरथडीत ह्या आवाजाला नाव होतं. खोकल्या.

खोकल्या पाणकणसात राहतो, एवढं गावातल्या रांगत्या पोराला ठाऊक. लेकराला डांग्या खोकला झाला की आई त्याला काखेत मारून फुगवट्यावर आणते, भाकरीचा तुकडा पाण्यात टाकते, आणि "खोकल्या, तुझं तुला घे" म्हणून पाठ फिरवते. मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर खोकला परत येतो. आता बघायचंच नाही म्हटल्यावर खोकल्या दिसतो कसा, हे कोणाला माहीत असणार? आवाज आला की माना खाली. पिढ्यान्‌पिढ्या आवाजाला नाव होतं आणि पाखराला नव्हतं. आणि उज्वला, शिकलेली, पुस्तकातलं नाव घेऊन महिनोन्‌महिने गावाच्या कानीकपाळी ओरडत होती: जांभळा, जांभळा.

तिला आयुष्यात आला नसेल असा राग आला. त्या नाव ठेवणाऱ्याचा आला, पुस्तकाचा आला, पाठ फिरवणाऱ्या गावाचा आला, स्वतःच्या कानांचा तर फारच आला. ती बांधावरून चिखलात उतरली, चपला तिथेच रुतल्या, आणि अनवाणी जाऊन बकेटच्या समोर उभी राहिली.

"ए! बंद कर ते!"

"बाई, सरका! बूम फिरतोय!" राजू ओरडला.

"तुझा बूम घाल चुलीत! बंद कर म्हणते ना!" आणि मग गावाकडे वळून, गाव सोडताना टाकून दिलेला सगळा आवाज परत लावून: "आरं, खोकल्याचं घर मोडून राहिले तुम्ही! खोकल्या हाय हा! मी म्हणून राहिले तो हाच! खोकल्या!"

बांधावर बसलेले म्हातारे उठून उभे राहिले.

"कोण म्हणलीस?" मालनबाई पुढे आली.

"खोकल्या, आई! ऐक!"

यंत्राचा आवाज उतरला होता. राजूने घाबरून बंद केलं होतं. पाखरू पाणकणसावरून उठलं, सगळ्या गावासमोरून एक घिरटी घातली, गळ्याचा फुगा, मागे लोंबते पाय, आणि बरोबर नवनाथच्या डोक्यावर आल्यावर: ख्र्यांक!

सिंधुबाईने डोक्यावर पदर घेतला आणि गर्रकन पाठ फिरवली. मग एकेक करून सगळ्यांनीच फिरवली. पुंजारामने फिरवली. आणि उपसरपंच नवनाथ, ज्याला पोरपणी हिवाळाभर काखेत मारून मालनबाईने इथे आणलं होतं, तो पोकलेनकडे पाठ करून, हात जोडून, डोळे गच्च मिटून उभा राहिला. राजू केबिनमधून सगळ्या गावाच्या पाठी बघत होता. "झालं काय?" तो म्हणाला.

"नवनाथ, वळ इकडं! बघ त्याच्याकडं!" उज्वला ओरडली.

"बघायचं नसतं, तायडे!"

"आरं, तो पक्षी हाय! मान बघ त्याची! बघा रे कोणीतरी!"

"परवाच का नाय म्हणलीस खोकल्या म्हणून?" नवनाथ पाठमोराच कळवळून म्हणाला. "जांभळा-जांभळा लावलंस! आम्हाला काय सपान पडणार व्हतं? मी पोकलेन घातला आसता का त्याच्या घरावर?"

ती आणखी भडकली. म्हणजे पक्ष्याची पिल्लं मेली असती तर चाललं असतं. खोकला परत येईल म्हणून थांबले! तिला ओरडून ओरडून हे सगळ्यांच्या पाठींना सांगायचं होतं. पण बकेट हवेत थांबली होती. वारूळ फुटावं तसा पाणकणसाचा एक कोपरा फाटला होता, रोजच्या जागेपासून फार लांब नव्हता तो, आणि बाकीचं उभं होतं. तिने ते गिळलं आणि चिखलात रुतलेल्या चपला उपसायला वळली.

पोकलेन मागे गेला. तो बांध उतरतोय तोवर पुंजाराम नारळ घेऊन आला. मागून गुलाल आला, उदबत्त्या आल्या. नवनाथचे डोळे उघडले होते, आणि त्यांत नवी योजना दिसत होती.

"ग्रामस्थहो," तो म्हणाला, "इथं ठाणं करू. खोकलोबाचं. लहानच. चौथरा, वर पत्रा. पाणकणसातून जायला रस्ता. गुरुवारी दर्शन. आणि एक भोंगा."

"भोंगा?" उज्वला म्हणाली.

"आरतीपुरता."

ती इतक्या हळू आवाजात बोलली की पोस्टातले लोक तिथे असते तर टेबलाखाली गेले असते.

"नवनाथ. त्याच्याकडं बघायचं नसतं ना?"

"नाय."

"मंग दर्शन कशाचं घेणार? डोळे झाकून? आणि बोटीत बसून काय करणार, पाठ फिरवून वल्हवणार? घाटावर गणपती घेऊन उलटे येणार का? ज्याच्याकडं बघायचं नाय, त्याच्या घरात रस्ता करून राहिला तू? उद्या सगळ्या गावाला खोकला लागला तर कोणाच्या दारात येऊ? बोल की! माइक पाहिजे का?"

बायांमध्ये कुजबुज झाली.

"खरंय तिचं," मालनबाई म्हणाली. "तुकडा टाकायचा अन् निघायचं. आमच्या सासूनं तेच सांगितलंय. ठाणं नको, घाट नको, काय नको. कोणी जायचं नाय तिकडं."

आणि मालनबाईने नाही म्हटलेलं हिवरथडीत होत नाही. नारळ बांधावरच फुटला, लोक खोबरं खात घरी गेले. उज्वलाला जिंकल्यासारखं वाटणार होतं, तेवढ्यात सिंधुबाईने तिच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केलं.

"अन् ही?"

"ही काय?" उज्वला म्हणाली.

"हिच्यातून तू बघती त्याला. इतके दिस बघती."

"मी अभ्यास करते!"

"पिशवीत ठेव," मालनबाई म्हणाली.

"आई, मीच वाचवलं ना त्याला!"

"म्हणूनच म्हंते. ठेव पिशवीत."

आता उज्वला बांधावर बसली आहे, फुगवट्याकडे पाठ करून, चिखलाचे पाय लांब करून, आणि तिचा चेहरा बघून दोन कुत्री लांबून वळसा घालून गेली. शेजारी मालनबाई पहाऱ्याला बसली आहे. नाव चुकलं पुस्तकाचं, पंचायत भरवली गावाने आणि शिक्षा झाली मलाच, असं काहीतरी उज्वला तोंडातल्या तोंडात पुटपुटते आहे, सगळ्या स्टँडांच्या भाषांत.

"आई, एकदाच."

"नाय."

"फक्त एका डोळ्यानं."

"उज्वले!"

तेवढ्यात मागे पाण्यावरून मोठ्या पंखांचा संथ आवाज आला. पाणकणसावर काहीतरी जड उतरलं, पाती सळसळली. उज्वलाने श्वास धरला. मालनबाईनेही धरला. आणि मग आतून, फाटलेल्या कोपऱ्याच्या पलीकडून, घाईघाईने डब्यावर चमचे वाजायला लागले. एक नव्हे, दोनतीन.

"हे काय गं?" मालनबाईने विचारलं, मान तसूभरही न वळवता.

"पिल्लं," उज्वला रागानेच म्हणाली. "जेवतायत."